खेकड्याचा लहान पाय

१४ सप्टेंबर

आत्या,

वाकून नमस्कार. बाबांना वेगळं लिहीत नाही. त्यांना हेच वाचून दाखव, म्हणजे ते कॅमेरा पुसत, ऐकत नसल्यासारखं दाखवून सगळं ऐकतील.

नीट पोचले. खोली तिसऱ्या मजल्यावर, छत उतरतं. पहिल्या दिवशी डोकं आपटलं, दुसऱ्या दिवशीही आपटलं, आता अक्कल आली आहे. खिडकीतून समोरच्या बॉयलरचं धुराडं दिसतं. इथे उत्तरेला ऊन उपकार केल्यासारखं येतं आणि चहा होईपर्यंत निघून जातं. भिंतीला गरम पाण्याचा पाइप आहे, त्यावर मोजे वाळतात आणि खोलीला मोज्यांचा वास येतो. तरी तो परवडला, कारण बाकी सगळ्याला फॉर्मलिनचा वास आहे. केसांना, वहीला, पावालासुद्धा.

प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत लांबच लांब टेबलं आहेत. प्रत्येकासमोर मेण ओतलेला ट्रे, टाचण्या, चिमटा आणि एक मेलेला जीव. त्याचं चित्र काढायचं. कडक पेन्सिल, छटा द्यायच्या नाहीत, नावांच्या रेघा पट्टीने मारायच्या आणि एक रेघ दुसरीला ओलांडता कामा नये. शिकवणाऱ्या बाई गळ्यात दोरीला भिंग अडकवून फिरतात, म्हणून सगळे त्यांना भिंगबाई म्हणतात. त्या एकच वाक्य बोलतात, "दिसतं ते काढा." आम्ही हसलो. दुसरं काय काढणार?

पेन्सिलीला मी तुझ्यासारखं टोक करते, आधी ब्लेड, मग पॉलिशपेपर. आता अख्खं टेबल माझ्याकडून टोक करून घेतं. वर्षात चित्रांच्या दोन परीक्षा आहेत. दोन्हींत नापास झालं तर दुसऱ्या वर्षात घेत नाहीत, घरी पाठवतात. ते माझ्या बाबतीत कशाला होतंय! चित्राची परीक्षा, आणि मी तुझी भाची.

तुझी
ठिपकी


३ ऑक्टोबर

ठिपके,

तुझं पत्र दादाला वाचून दाखवलं. त्याने एकच लेन्स तीनदा पुसली, म्हणजे आवडलं.

पत्रावर ठिपकी म्हणून सही करतेस, तिथे कुणी विचारलं तर काय सांगशील? तीन वर्षांची असताना माझी रिटचिंगची शाई घेऊन एका अख्ख्या लग्नाच्या ग्रुपफोटोतल्या सगळ्यांच्या तोंडावर देवीच्या वणांसारखे ठिपके काढलेस, हे सांगशील? तो फोटो मला पुन्हा करावा लागला. नवरदेवाला तेवढे दोन ठिपके बरे दिसत होते, पण ते असो.

दुकान ठीक चाललंय. परवा एक गिऱ्हाईक आलं, दाढ सुजून गाल टम्म. नोकरीच्या अर्जाला फोटो आजच्या आज हवा. मग दादाने एक प्रिंट सरळ काढली, एक निगेटिव्ह उलटी घालून. मी दोन्ही नाकावरून कापल्या, चांगल्या गालाला चांगला गाल जोडला, सांधा ब्रशने बुजवला, दादाने त्याचा परत फोटो काढला. माणूस बघतच राहिला. म्हणाला, "मी इतका देखणा आहे हे आमच्या घरी कुणाला माहीत नाही हो!"

तुला हेच शिकवलंय ना मी? आधी चांगली बाजू हेरायची, मग दुसरी तिच्यावरून करायची. आणि शेवटी डोळ्यातला उजेडाचा ठिपका तपासायचा. दिवा ज्या बाजूला, ठिपका त्याच बाजूला, दोन्ही डोळ्यांत. तो चुकला की सगळं मुसळ केरात.

शोकेसमधल्या माझ्या पंचविशीतल्या फोटोची काच काल पुसली. लोक अजून विचारतात, ही कुठली नटी? मी सांगत नाही. सांगितलं तर आधी फोटोकडे बघतील, मग माझ्याकडे, आणि मग बिचारे विषय बदलतील. माझ्या हातून टचिंग न करता आजवर एकही चेहरा या दुकानाबाहेर गेलेला नाही, तर माझा कसा जाईल!

मोजे पाइपवर जाळू नकोस.

आत्या


२९ ऑक्टोबर

आत्या,

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. निदान आधी तू वाच.

मी नापास झाले.

परीक्षेला खेकडा आला होता. मला आनंदच झाला, कारण खेकडा म्हणजे उजवी बाजू आणि डावी बाजू, दोन्हीकडे पाच-पाच पाय. मी चांगली बाजू हेरली. डावी. तिच्यावर जीव ओतला, एकेक सांधा, एकेक काटा. मग ट्रेसिंगचा कागद मधोमध दुमडला आणि उजवी बाजू तिच्यावरून उतरवली. सगळ्यांच्या आधी माझं झालं. शेजारचा मुलगा माझं चित्र बघून स्वतःचं खोडायला लागला.

भिंगबाई आल्या. चित्र बघितलं, खेकडा बघितला, भिंग डोळ्याला लावून परत खेकडा बघितला. मग मला म्हणाल्या, "उजव्या बाजूचा तिसरा पाय मोज."

तो लहान होता, आत्या. चांगला अर्ध्याने लहान, आणि रंगाने फिका. कधीतरी तुटला असणार आणि त्या जागी नवीन येत असणार. खेकड्याचं तसं असतं, तुटलेला पाय पुन्हा येतो. आधी बारकासा येतो, मग दर वेळी खेकडा कात टाकतो तेव्हा थोडा मोठा होतो. हे पुस्तकात मी वाचलेलं होतं. पण समोर होता तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंच नाही. मी काढला दोन्ही बाजूंनी सारखा, तोऱ्यात.

बाई म्हणाल्या, "चित्र सुंदर आहे. पण हा खेकडा मी तुला दिलेला नाही." आणि शून्य दिलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला इथलं जमणार नाही. माझा हात दुसऱ्या कामाला घडलाय. मी येते परत. मागच्या खोलीत तुझ्या शेजारी एक स्टूल टाक आणि मला एक ब्रश दे, मला तेवढंच येतं. बाबांना कसं सांगायचं ते तू ठरव.

आणि तुझा एक फोटो पाठव. टेबलासमोरची भिंत बोडकी आहे, बघायला कुणी नाही.

ठिपकी


१८ नोव्हेंबर

ठिपके,

स्टूल मोडलंय. ब्रशही नाही. यायचं नाही.

एवढं नीटनेटकं चित्र काढून नापास? तुझ्या भिंगबाईला म्हणावं, आमच्या दुकानात या, तुमचाही फोटो असा काढून देऊ की तुमचाच विश्वास बसायचा नाही. पण ते जाऊ दे. ती तिथली मास्तरीण आहे, तिचं ऐकायचं. तिथे लहान पाय लहान काढायचा असतो, तर लहान काढ. त्यात रडण्यासारखं काय आहे? एकदा नापास झालीस, अजून एक परीक्षा आहे. पहिल्याच ठेचेला घरी पळून येणाऱ्या मुलीला शेजारीसुद्धा विचारत नाहीत.

इथे सगळं छान. मी ठणठणीत. दादा ठणठणीत. गिऱ्हाइकांकडे हल्ली तोच बघतो, मी मागे बसते. पुढचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून, दुसरं काही नाही.

सोबत फोटो आहे, मागच्याच आठवड्यातला. भिंतीवर लाव आणि अभ्यास कर. मी बघतेय.

आत्या


२० डिसेंबर

आत्या,

तुझा फोटो लावला. पहिले दोन-तीन आठवडे खूप बरं वाटलं. सकाळी उठले की तू, परत आले की तू. तुला घाबरून मी रोज काहीतरी काढत बसले. भिंगबाईंनी जुन्या बरण्या उघडून दिल्या आहेत. काल एक पतंग काढला, त्याच्या एका पंखाचा कोपरा पाखराने तोडलेला होता. तो तोडलेला कोपरा काढायला मला अख्खी दुपार लागली. हात सारखा तो पुरा करायला धावत होता. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि काही न बोलता गेल्या. हे बरं असतं म्हणे.

पण आत्या, एक विचारायचंय. दिवसभर उजवं-डावं ताडून बघायची सवय लागलीये. परवा पेन्सिलीला टोक करता करता तुझ्या फोटोकडे बघत होते. भुवईजवळचा तीळ एकाच बाजूला आहे, भांगही ठीक आहे. पण तुझ्या उजव्या डोळ्यातला ठिपका उजव्या कडेला आहे आणि डाव्या डोळ्यातला डाव्या कडेला. आपल्या स्टुडिओत दिवा एकच आहे, खिडकीजवळचा. मग तुझ्या डोळ्यांत दोन दिवे आले कुठून?

मग पट्टी घेऊन मोजलं. ओठांची दोन्ही टोकं, दोन्ही गाल, दोन्ही पापण्या, सगळं सारखं. असा चेहरा कुणाचा नसतो. तुझा तर नव्हताच, तू हसलीस की डावीकडे जास्त हसतेस.

हा फोटो मधून जोडलाय. डावी बाजू उजवीवरून केलीये. तुझ्या डाव्या बाजूला काय झालंय?

मला खरं लिही. नाहीतर मी सामान बांधते. हे रागाने लिहीत नाहीये, घाबरून लिहितेय.

ठिपकी


६ जानेवारी

चि. ठिपकी,

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझं पत्र आल्यापासून तुझी आत्या भांडी आपटते आहे आणि उत्तर लिहीत नाही, म्हणून मी लिहितो.

मी समोर असेल तसा फोटो काढतो. पुढचं ती करते. त्या फोटोची मूळ निगेटिव्ह तिने फेकायला सांगितली होती, मी फेकली नाही. काळजीचं नाही, डॉक्टर बघतायत. बाकी तिच्याकडूनच ऐक.

एवढ्यात येऊ नकोस, ती मला कच्चा खाईल. थंडीत कान झाकत जा.

बाबा


८ जानेवारी

ठिपके,

दादाने परस्पर पत्र टाकलं असं कळलं. आयुष्यात चार पत्रं लिहिली असतील, त्यातलं एक चुगलीचं.

तर ऐक. ऑक्टोबर संपता संपता, तुझं ते नापासाचं पत्र यायच्या आदल्या आठवड्यात, सकाळी चूळ भरली आणि पाणी डावीकडून गळ्यावर ओघळलं. आरशात बघितलं तर चेहऱ्याची डावी बाजू खाली उतरलेली. भुवई, गाल, ओठ, सगळं. मला वाटलं, संपलं. दादा दुकान तसंच उघडं टाकून मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, डोक्यात काही झालेलं नाही, चेहऱ्याची एक शीर सुजलीये. जिवाला धोका नाही. काही महिन्यांत बरंचसं परत येईल, सगळं येईल की नाही ते सांगता येत नाही. हातपाय उत्तम आहेत. डावा डोळा मिटत नाही, झोपताना पट्टी लावते. जेवण त्या गालात जाऊन बसतं. शिट्टी वाजत नाही, पण ती मला आधीही येत नव्हती.

तो फोटो मी एका डोळ्याने केला, दुसऱ्यातून पाणी वाहत होतं. म्हणून ठिपका राहिला. कामात असली चूक माझ्याकडून झाली याचं मला चेहऱ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, हसू नकोस.

सांगितलं नाही, कारण तुला परत यायला निमित्त हवं होतं. आजारी आत्या म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. ते निमित्त मी देणार नव्हते.

आणि दुसरं कारणही सांगते, आता सगळं निघालंच आहे तर. मला लाज वाटली. माणसं समोर येऊन बसली की मी मनातल्या मनात त्यांचे डाग पुसत आले. आता माझ्याकडे कुणी बघितलं की वाटतं, हेही मनात ब्रश घेऊनच बघतायत. म्हणून मागे बसते. उजेडाचं खोटं होतं.

झालं समाधान? आता अभ्यासाला लाग.

आत्या


२७ जानेवारी

आत्या,

तुझं पत्र वाचून खूप रडले, मग हसूही आलं. तू चेहरा झाकत होतीस आणि मी खेकड्याचा पाय. दोघींनी एकच युक्ती केली, आणि दोघीही पकडल्या गेलो.

सामान बांधून ठेवलं होतं. भिंगबाईंना सांगायला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू गेल्याने तिची शीर लवकर बरी होणार आहे का?" मी म्हटलं नाही. "तिला तू हवी आहेस असं ती म्हणाली का?" मी म्हटलं नाही, उलट स्टूल मोडलंय म्हणाली. त्या हसल्या. त्या हसतात हे कुणाला माहीत नव्हतं.

तर माझी अट ऐक. मी राहते. मेमधल्या परीक्षेला बसते. पण तू मला तुझा खरा फोटो पाठवायचा. बाबांनी काढलेला, तू हात न लावलेला. मला इथे बसून रोज वाईटात वाईट चेहरा मनाने काढावा लागतोय, आणि तो खऱ्यापेक्षा नक्कीच भयंकर आहे. फोटो आला नाही, तर मी येऊन डोळ्यांनी बघेन.

ठिपकी


१२ फेब्रुवारी

ठिपके,

अट मान्य नाही. आत्याला अटी घालायचं कुठल्या पुस्तकात शिकवतात? शास्त्र शिकायला पाठवली आणि वकील झाली.

दुसरं काहीही माग.

आत्या


३ मार्च

आत्या,

दुसरं काहीही नको. सामान अजून सोडलेलं नाही, लागतील तेवढेच कपडे वरून काढते.

ठिपकी


२० मार्च

ठिपके,

सोबत फोटो. दादाने काढला. लेन्सच्या मागे जाऊन दोन मिनिटं काहीच करेना, मी म्हटलं, "काढ की बाबा, मान अवघडली." मग म्हणतो, "तू हलतेस." मी हलत नव्हते. त्याला दिसत नव्हतं, डोळे भरले होते मेल्याचे.

सांगितल्याप्रमाणे हात लावलेला नाही. पाकिटात घालून, डिंक लावून, दादाकडेच टाकायला दिला, कारण माझ्यापाशी राहिला असता तर काय झालं असतं ते तुला ठाऊक आहे. कुणाला दाखवू नकोस. भिंतीवर लावू नकोस.

आता सामान सोड, कार्टे.

आत्या


३० मे

आत्या, बाबा,

पास झाले! दोघांना एकदमच सांगते.

परीक्षेला पुन्हा खेकडा आला. मला वाटलं, भिंगबाईंनी मुद्दाम दिला. या वेळी तुटका पाय नव्हता. बराच वेळ बघितलं, काहीच सापडेना. मग कवचाच्या कडेला, एका काट्याचं टोक झिजलेलं दिसलं. एकाच काट्याचं. नेहमी त्याच बाजूने दगडाखाली शिरत असेल बापडा. तेवढं काढलं. बाईंनी भिंग लावून चित्र बघितलं, खेकडा बघितला आणि म्हणाल्या, "हाच." बाहेर येऊन मी पायरीवर बसले आणि चांगली मोठ्याने रडले. येणारे-जाणारे बाजूने गेले, इथे परीक्षेनंतर पायरीवर कुणी ना कुणी रडतच असतं.

आत्या, तुझा फोटो मी भिंतीवर लावला नाही, सांगितलंस तसं. पण रोज बाहेर काढून बघितला. आला त्या दिवशी आधी बोटांच्या फटीतून बघितला. मग नीट बघितला. तो भयंकर नाही. ती तू आहेस, एका बाजूने जरा दमलेली. मनातल्या त्या चेहऱ्यापासून सुटका झाली, रात्री झोप यायला लागली.

तुझं चित्र काढलंय, ते सोबत पाठवतेय. कडक पेन्सिल, छटा नाहीत, नावांच्या रेघा पट्टीने. भुवई, तीळ, पापणी, ओठाचं डावं टोक, सगळ्याला नाव दिलंय. एकही रेघ दुसरीला ओलांडत नाही. मला आजवर जमलेलं हे सगळ्यात चांगलं चित्र आहे आणि ते परीक्षेला चालणारं नाही.

सुट्टीत येतेय. स्टूल नीट करून ठेव, आठवडाभर बसायला.

ठिपकी


१६ जून

ठिपके,

आता डोळा मिटतो. गाल बराचसा वर आलाय. ओठाचं डावं टोक अजून खालीच आहे, डॉक्टर म्हणतात ते बहुधा तसंच राहील. तुझ्या खेकड्यासारखी मलाही दरवर्षी कात टाकता आली असती तर बघितलं असतं.

पास झालीस ते दादाने सगळ्या गल्लीत सांगितलं. न बोलणारा माणूस एकदा बोलायला लागला की पुरे म्हणायची सोय नसते.

तुझं चित्र आलं. मी ते टेबलावर पसरलं, भिंग लावलं आणि, खोटं कशाला सांगू, ब्रश ओला केला. ओठाच्या त्या टोकाला केसाएवढा उचलायचा, बस्स, इतकंच मनात होतं. मग तू तिथे पट्टीने मारलेली रेघ दिसली, आणि टोकाला तुझ्या अक्षरात लिहिलेलं 'ओठाचं डावं टोक'. इतकं सरळ, इतकं काळजीने लिहिलेलं की माझा हात पुढे जाईना. माझ्या त्या टोकाला कुणी नाव देईल असं मला वाटलं नव्हतं, गं. ब्रश धुऊन ठेवला.

चित्र शोकेसमध्ये लावलंय. पंचविशीतला फोटो काढून त्याच जागी. दादा म्हणाला, "गिऱ्हाईक पळेल." मी म्हटलं, पळू दे.

काल समोरची इस्त्रीवाली आली होती. रोज त्या शोकेसवरून जाते, गेली वीस वर्षं. थांबली, काचेला नाक लावून सगळ्या रेघा वाचल्या, आणि आत येऊन म्हणाली, "अय्या, हे तुमचं चित्र ना?"

मी पुढेच बसले होते, दिव्याजवळ. म्हटलं, "हो. मीच आहे ती."

आत्या